विक्रयातील सचोटी

विकावयाच्या मालाचा दर्जा, माप, किंमत व दोष यांविषयी विक्रेत्याने ग्राहकाला खरी व पुरेशी माहिती देणे आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे माल वा सेवा पुरविणे, यास विक्रयातील सचोटी म्हणतात. ग्राहकाचा टिकाऊ विश्वास हे तिचे फळ मानले जाते; तथापि या दोहोंमधील संबंध सरळ नाही. प्रामाणिक दुकानदाराला गिऱ्हाईक मिळतेच असे नाही आणि लबाड दुकानदाराचे दुकान बुडतेच असेही नाही. सचोटीतून विश्वास निर्माण होण्यास दोन गोष्टी अनुकूल असाव्या लागतात : तोच ग्राहक पुन्हा त्याच दुकानी येण्याची शक्यता, आणि खोटेपणा आज ना उद्या ग्राहकाच्या लक्षात येण्याची सोय. गावच्या आठवडे बाजारात किंवा पेठेतील जुन्या दुकानात या दोन्ही गोष्टी बव्हंशी असतात. जेथे त्या नसतात, तेथे धर्मशास्त्र, राजदंड, व्यापाऱ्यांच्या रूढी व आधुनिक काळात कायदा यांनी ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केलेला आहे.

प्रश्नाचे मूळ असे, की मालाविषयी विक्रेत्याला जितके ठाऊक असते तितके खरेदीदाराला नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या विषमतेचा परिणाम दाखवून दिला. चांगली मोटार कोणती व खराब कोणती, हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो. त्या किंमतीला चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो. उरलेल्या मोटारींचा सरासरी दर्जा आणखी घसरतो, त्याबरोबर किंमतही घसरते आणि अखेरीस बाजारच मोडकळीस येतो. म्हणजे अप्रामाणिक विक्रेता केवळ आपल्या ग्राहकाचे नुकसान करतो असे नव्हे, तर प्रामाणिक विक्रेत्यालाही तो बाजाराबाहेर ढकलतो. या विषयावरील कार्याबद्दल ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वच मालाच्या बाबतीत ही विषमता सारखी नसते. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग कल्पिले : खरेदीपूर्वी पाहून पारखता येणाऱ्या वस्तू (उदा., कापडाचा रंग वा पोत) आणि वापरल्यावरच ज्यांचा गुण कळतो अशा वस्तू (उदा., चहा वा साबण). मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यांत तिसऱ्या वर्गाची भर घातली. या वर्गातील वस्तूंचा वा सेवांचा खरा गुण वापरानंतरही ग्राहकाला नीट कळत नाही. वैद्याने सांगितलेली शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक होती काय, मोटारीचा बदललेला भाग खरोखरच नादुरुस्त होता काय, हे त्याला कधीच पुरते उमगत नाही. पहिल्या वर्गात ग्राहकाचे डोळे पुरतात, दुसऱ्यात त्याची स्मरणशक्ती कामी येते. तिसऱ्यात मात्र त्याला विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. सचोटीची खरी परीक्षा तेथे होते.

दुसऱ्या वर्गातही सारे सुरक्षित असते असे नाही. शेतीचे बियाणे हे त्याचे बोलके उदाहरण होय. बियाण्याचा दोष वापरानंतर कळतो हे खरे. परंतु तो कळेपर्यंत पेरणीचा पाऊस निघून गेलेला असतो. वाया गेलेल्या चहाच्या पुड्याची भरपाई पुढच्या पुड्याने होते, वाया गेलेल्या हंगामाची होत नाही. दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणे, मजुरी व बहुधा पुन्हा कर्ज, असा हा खर्च असतो. भारतात १९६६ च्या बियाणे अधिनियमाने अधिसूचित वाणांच्या बियाण्यांवर उगवणशक्ती व शुद्धता दर्शविणारी खूणचिठ्ठी सक्तीची केली. सोयाबीनच्या बाबतीत किमान उगवणशक्ती ७० टक्के ठरविण्यात आली आहे. सोयाबीनचे टरफल पातळ असल्यामुळे मळणीत वा हाताळणीत बी सहज दुखावते; म्हणून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व किती उगवतात ते मोजूनच पेरणी करावी, असा सल्ला कृषिखाते देत आले आहे. २०२० च्या खरीप हंगामात मराठवाडा व विदर्भ या भागांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. तत्पूर्वी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाविरुद्धच्या एका खटल्यात बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ‘ग्राहक’ ठरतो, असा निर्णय दिला होता. प्रयोगशाळेत तपासण्यासाठी बियाण्याचा नमुना शेतकऱ्याने राखून ठेवला नाही, हा विक्रेत्याचा बचावही न्यायालयाने मानला नाही. विकत आणलेले सारे बियाणे शेतकरी पेरून टाकतो, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते.

भारतीय धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न परिचित होता. खरेदी वा विक्री केल्यानंतर होणाऱ्या पश्चात्तापास त्यांनी ‘अनुशय’ अशी संज्ञा दिली असून, ‘क्रयविक्रयानुशय’ हे व्यवहाराच्या म्हणजे खटल्यांच्या अठरा पदांपैकी एक पद मानले आहे. मनुस्मृतीनुसार पश्चात्ताप झालेल्या पक्षाला दहा दिवसांच्या आत वस्तू परत देता वा घेता येत असे. याज्ञवल्क्य स्मृतीने याहून सूक्ष्म विचार केला असून निरनिराळ्या वस्तूंसाठी परीक्षेचा निरनिराळा काळ ठरवून दिला आहे : लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, तर बियाण्यास दहा दिवस. दोष उघड होण्यास जेवढा अवधी लागेल, तेवढी परतीची मुदत असावी हे या यादीमागील तत्त्व उघड दिसते. बी रुजून वर येण्यास लागणारा काळ स्मृतिकारांनी विचारात घेतला असावा.

कौटिलीय अर्थशास्त्राची दृष्टी याहून निराळी, संशयी प्रशासकाची आहे. व्यापारी संधी मिळताच फसविणार असे गृहीत धरूनच त्यात नियम केलेले दिसतात. वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष, मालाच्या विक्रीसाठी पण्याध्यक्ष व बाजारावरील देखरेखीसाठी संस्थाध्यक्ष असे अधिकारी सांगितले असून, वजने दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर मुद्रा उठवावी अशी तरतूद आहे (मनुस्मृतीत ही मुदत सहा महिन्यांची आहे). देशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा अशी नफ्याची मर्यादाही कौटिल्याने घातली. ‘मापात पाप’ हा मराठीतील वाक्प्रचार आणि ‘काटा मारणे’ ही क्रिया पाहता, या देखरेखीची गरज पुढेही कधी संपली नाही, असे म्हणावे लागते.

प्राचीन रोममध्ये बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या ईडिल नावाच्या दंडाधिकाऱ्यांनी गुलाम व जनावरे यांच्या विक्रेत्यांवर दोष आधी जाहीर करण्याची सक्ती केली होती. दोष लपविल्यास सहा महिन्यांच्या आत विक्री रद्द करून घेण्याचा, अथवा एक वर्षाच्या आत किंमत कमी करून मागण्याचा अधिकार खरेदीदारास असे. कायद्याच्या पुढे जाऊन नीतीचा प्रश्न मांडला तो सिसरोने. इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात त्याने एक दाखला दिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असता एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागाहून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिलेले असते. बेटावरील लोकांना ते ठाऊक नसते. त्याने हे सांगून आपला भाव पाडून घ्यावा की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? स्टोइक पंथाचा डायोजिनीझ (बॅबिलोनियाचा) याच्या मते कायद्याने सांगितले तेवढे दोष कळविले म्हणजे विक्रेत्याचे कर्तव्य संपते; त्याचा शिष्य अँटिपेटर याच्या मते खरेदीदाराच्या हिताचे जे जे आपणांस ठाऊक आहे, ते ते सांगणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. सिसरोने आपला कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. खोटे बोलणे आणि गप्प राहणे यांतील सीमारेषेचा हा वाद आजच्या कायद्यातही मिटलेला नाही.

इंग्लिश कायद्याने दीर्घकाळ ‘खरेदीदारा, सावध राहा’ हेच तत्त्व मानले. १६०३ मधील चँडलर विरुद्ध लोपस या खटल्यात एका सोनाराने बेझोअर (प्राण्याच्या पोटात सापडणारा व विषावर उतारा समजला जाणारा खडा) म्हणून एक खडा शंभर पौंडांस विकला. तो बेझोअर नव्हता. विक्रेत्याने तसे नुसते म्हटले होते, हमी दिली नव्हती, म्हणून खरेदीदार हरला. जवळजवळ तीन शतकांनी, १८९२ मध्ये, कार्लिल विरुद्ध कार्बॉलिक स्मोक बॉल कंपनी या खटल्यात वारे फिरलेले दिसते. आपले धूम्रगोलक सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्ल्यूएंझा झाल्यास शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीने केली होती व विश्वास बसावा म्हणून हजार पौंड बँकेत ठेवल्याचेही छापले होते. श्रीमती कार्लिल यांना रोग झाला. जाहिरात ही केवळ अतिशयोक्त स्तुती होती, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला. बँकेत ठेवलेली रक्कमच कंपनीच्या गांभीर्याचा पुरावा ठरली.

भारतात १८७२ च्या संविदा अधिनियमाच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे. नुसते मौन हे कपट नव्हे, असे त्यात म्हटले असले, तरी बोलण्याचे कर्तव्य असताना पाळलेले मौन हे कपटच ठरते. कायद्यातील उदाहरणच मार्मिक आहे : सदोष घोडा परक्याला लिलावात विकताना गप्प बसणे चालेल; परंतु खरेदीदार ही विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगावाच लागेल. म्हणजे ज्याने विश्वास टाकला आहे, त्याच्याशी गप्प राहण्याची मुभा नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाने या दिशेने आणखी पाऊल टाकले. आपला उद्देश सांगून जो ग्राहक विक्रेत्याच्या जाणकारीवर अवलंबून राहतो, त्याला त्या उद्देशास योग्य असाच माल मिळाला पाहिजे, असे त्याच्या सोळाव्या कलमाने ठरविले. ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा १९८६ मध्ये झाला. त्यापूर्वी महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली होती. तिचा प्रारंभ पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने झाला व पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमानुसार, पावतीवर मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दुकानांतून अद्याप दिसते. सदोष मालापुरता तिला कायद्याचा आधार नाही.

कायद्याच्या आधारावाचून व्यापाऱ्यांनी स्वतः निर्माण केलेल्या रूढी या विषयात अधिक उद्‌बोधक आहेत. जपानमध्ये मित्सुई ताकातोशी याने १६७३ मध्ये एडो (आजचे टोकिओ) येथे एचिगोया हे कापडाचे दुकान काढले. तोवर कापडविक्रेते माल घेऊन सरदारांच्या घरी जात, उधारीवर विकत व वसुली सहामाही वा वर्षअखेरीस करीत. व्याज व बुडिताची जोखीम किंमतीत आधीच चढविलेली असे आणि घासाघीस तर ठरलेलीच. एचिगोयाने रोख पैसे व एकच भाव ही पद्धत सुरू केली. पॅरिसमध्ये आरिस्तिद बूसिको याने १८५२ पासून बाँ मार्शे या दुकानाद्वारे हीच पद्धत लोकप्रिय केली व नापसंत माल परत घेण्याची सोयही दिली. एकभावाचे महत्त्व किंमत कमी होण्यात नव्हते. घासाघिशीच्या बाजारात भाव ग्राहकाच्या चतुराईप्रमाणे बदलतो. त्यामुळे भोळा ग्राहक, मूल अथवा नोकर यांना पाठवून खरेदी करता येत नाही. एकभावाने ती सोय झाली.

तोयामा येथील फिरत्या औषधविक्रेत्यांची पद्धत याहून लक्षणीय आहे. हे विक्रेते घरोघरी औषधांची पेटी ठेवून जात व पैसे मुळीच घेत नसत. ठराविक काळाने पुन्हा येऊन जेवढे औषध वापरले गेले असेल तेवढ्याचेच पैसे घ्यावयाचे, जुने औषध बदलावयाचे व पेटी भरून ठेवावयाची, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चाले. औषधाचा गुण ग्राहकाला आधी कळत नाही, हा प्रश्न या पद्धतीने विक्रेत्याच्या अंगावर घेतला : विश्वास आधी त्याने टाकावयाचा, ग्राहकाने नंतर. कोणत्या घरी कोण राहते, कोणते औषध किती लागते, याची नोंद असलेली वही ही त्याची खरी मालमत्ता असे. अशा वह्या विकल्या जात व तारणही ठेवल्या जात. जुने गिऱ्हाईक जुन्याच जागी परत येण्याची संभाव्यता म्हणजे ख्यातिमूल्य, असे लॉर्ड एल्डन याने १८१० मध्ये इंग्लंडमधील एका निकालात म्हटले. तोयामाच्या वहीत हे मूल्य साक्षात हाती धरता येत होते.

सचोटीअभावी फसतो तो नेहमी खरेदीदारच, असेही नाही. शेतमालाच्या बाजारात विक्रेता असलेला शेतकरीच अज्ञानी पक्ष असे. ‘हत्ता’ पद्धतीत अडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्याला तो कळत नसे. शिवाय कडता, नमुना, धर्मादाय अशा नावांखाली वजावट होई, ती वेगळीच. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कायदा झाला. शेतकी विषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये देशभर अशा बाजारांची शिफारस केली. १९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विनियमन) अधिनियमाखालील बाजार समित्यांत उघड लिलाव हा नियम झाला. रुमाल दूर झाल्याने अडत्याचा स्वभाव पालटला असे नव्हे. त्याचे बोलणे शेतकऱ्याला ऐकू येऊ लागले, एवढाच फरक झाला आणि तो मोठा होता.

ज्या गुणाची पारख ग्राहकाला करता येत नाही, त्याची ग्वाही तिऱ्हाइताने द्यावी, हा दर्जाचिन्हांमागील विचार होय. शेतमालासाठी १९३७ च्या कायद्याखाली ॲगमार्क, तर औद्योगिक मालासाठी १९५५ पासून आयएसआय चिन्ह रूढ झाले. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क ही शुद्धतामुद्रा २००० मध्ये ऐच्छिक स्वरूपात आली, २०२१ मध्ये निवडक जिल्ह्यांत सक्तीची झाली व १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना विकण्यास बंदी झाली. पूर्वी आपल्याच पेढीचा दागिना सराफ फारशी खळखळ न करता परत घेई; परक्या पेढीच्या दागिन्यावर मात्र घट अधिक धरली जाई. त्यामुळे कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकाच सराफाशी बांधलेली असत. तो विश्वास होता तसाच तो एक पाशही होता. शुद्धतामुद्रेने तो सैल केला.

विक्रेता स्वतः मालक नसून वेतन वा दलालीवर काम करणारा प्रतिनिधी असतो, तेव्हा प्रश्न अधिक बिकट होतो. दीर्घकालीन विश्वासाचा लाभ संस्थेला मिळतो, दलाली मात्र आजच्या विक्रीवर मिळते. विमा व गुंतवणूक या क्षेत्रांत ग्राहकाच्या गरजेशी विसंगत योजना त्याच्या गळ्यात मारण्याचे प्रकार यातूनच वाढले. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकास अनेक खाती विकण्याची उद्दिष्टे कर्मचाऱ्यांवर लादली. ग्राहकांच्या संमतीवाचून लक्षावधी खाती उघडली गेल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले. बँकेस १८·५ कोटी डॉलर दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना तत्पूर्वीच काढून टाकण्यात आले होते, उद्दिष्टे मात्र चालूच होती. भारतात म्युच्युअल फंडांवरील प्रवेशशुल्क सेबीने ऑगस्ट २००९ पासून बंद केले. विमापत्र हाती पडल्यावर ते परत करण्याची पंधरा दिवसांची मुदत विमा नियामकाने २००२ मध्ये घालून दिली होती. २०२४ च्या विनियमांनी ती तीस दिवसांची केली. स्मृतिकारांच्या अनुशयाचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल. फरक इतकाच, की विमापत्रातील दोष तीस दिवसांत क्वचितच उगवून वर येतो. घरबांधणीच्या क्षेत्रात ‘सुपर बिल्ट-अप’ यासारख्या लवचिक मापांना २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने आळा घातला व चटईक्षेत्र हेच विक्रीचे माप ठरविले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून करीत आहे.

ढासळलेला विश्वास पुन्हा मिळविता येतो काय, या संदर्भात १९८२ मधील टायलेनॉल प्रकरणाचा दाखला नेहमी दिला जातो. शिकागो परिसरात कोणी अज्ञात व्यक्तीने या वेदनाशामक औषधाच्या कुप्यांत सायनाइड मिसळल्याने सात जण दगावले. दोष उत्पादकाचा नव्हता; तरीही जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सुमारे ३ कोटी १० लक्ष कुप्या बाजारातून परत बोलाविल्या व छेडछाड झाल्यास लक्षात येईल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणले. गमावलेली बाजारपेठ तिने साधारण वर्षभरात बव्हंशी परत मिळविली. हे उदाहरण जपूनच वापरावयास हवे. जिची चूक नव्हती अशा कंपनीची ती कथा आहे. स्वतःची फसवणूक उघड झालेल्या विक्रेत्यास तितक्या सहजपणे क्षमा झाल्याची उदाहरणे विरळ आहेत.

संगणकीय जाळ्यावरील विक्रीत विक्रेता व ग्राहक एकमेकांना पाहतही नाहीत. तेथे पूर्वीच्या ग्राहकांचे अभिप्राय हेच पतीचे साधन बनले आहे. ईबे या लिलावस्थळावर एकाच विक्रेत्याने जुनी चित्रपत्रे दोन प्रकारांनी विकून पाहिली : काही स्वतःच्या प्रस्थापित नावाने, तर काही नव्या अनोळखी नावांनी. प्रस्थापित नावाच्या मालास ग्राहक सुमारे आठ टक्के अधिक किंमत देण्यास तयार असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आढळले. मात्र ज्याला बाजारात किंमत आहे, त्याची नक्कलही होते. पैसे देऊन लिहविलेले अभिप्राय हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले असून ते ऐच्छिक ठेवण्यात आले. ग्राहकाला संभ्रमात टाकून खरेदीस भाग पाडणाऱ्या पडद्यावरील मांडणीच्या तेरा प्रकारांस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रतिबंध केला. साठा संपत आल्याचा खोटा इशारा देणे आणि न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे हे त्यांपैकी दोन प्रकार होत.